चीनमध्ये ओळख असली की सगळे खपते?

चीनशी व्यापार करू पाहणाऱ्यांना एक दावा हमखास ऐकवला जातो आणि समाजमाध्यमांवरही तो सतत फिरत असतो. ग्वान्शी, म्हणजे वैयक्तिक संबंधांचे जाळे, हे लाचेचेच सभ्य नाव आहे. चिनी माणूस बरेवाईट ठरवताना फक्त ओळख पाहतो. त्यामुळे तिथे गेल्यावर आपल्यालाही तसेच वागणे भाग आहे, असा तो दावा. ईवू किंवा ग्वांगझोऊच्या बाजारात माल घ्यायला जाणारा मुंबई-पुण्याचा व्यापारी हे खरे मानून निघाला, तर तो समोरच्या माणसाबद्दलही गैरसमज करून घेईल आणि तिथल्या कायद्याबद्दलही.

लाचेपासून सुरुवात करू. लाचेचा व्यवहार पैसे आणि काम यांची अदलाबदल झाली की संपतो, आणि तो लपवावा लागतो. ग्वान्शीतली देणीघेणी मात्र वर्षानुवर्षे चालतात, चारचौघांना ठाऊक असतात, आणि मदत घेऊन ऐनवेळी पाठ फिरवणाऱ्याची पत त्या वर्तुळात कायमची जाते. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या सुरुवातीच्या काळात वनचौ शहरातल्या खासगी उद्योजकांना सरकारी बँका सहसा कर्ज देत नसत, आणि सर्व करारांना लागू होणारा एकच कायदा १९९९ मध्ये आला. अशा वेळी नातेवाईक, शेजारी आणि मित्रांनी आपल्याकडच्या भिशीसारखी मंडळे चालवून कारखान्यांचे भांडवल उभे केले. त्यातली काही मंडळे बुडाली, फसवणूकही झाली. पण लोक आपापला पैसा आपापल्या विश्वासावर लावत होते. जे आपले आहे ते ओळखीखातर देणे आणि जे आपल्याकडे केवळ सोपवलेले आहे ते ओळखीखातर देणे, यांतला फरक हा दावा पुसून टाकतो. माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे.

नीती फक्त ओळखीवर ठरते, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथोंग यांनी १९४० च्या दशकातच लिहून ठेवले होते की चिनी ग्रामीण समाजात कर्तव्याची तीव्रता नात्याच्या अंतरानुसार बदलते. कंपनीचा खरेदी अधिकारी वर्गमित्राचा महागडा माल घेतो तेव्हा आपण गैर वागलो असे त्याला वाटतच नाही, उलट मैत्रीला जागल्याचे समाधान वाटते. नुकसान ज्याचे होते तो मालक किंवा ग्राहक त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. ग्वान्शीचा खरा धोका इथे आहे, कारण ज्याला आपली कृती सद्गुण वाटते त्याला सदसद्विवेकाची टोचणी लागत नाही.

पण हा धोका चिनी विचारवंतांना दिसला नाही, असे म्हणणे साफ चूक आहे. बापाने मेंढी चोरली तर मुलाने साक्ष द्यावी का, या प्रश्नावर कन्फ्यूशियसने बाप-लेकांनी एकमेकांना सांभाळून घेण्यातच सचोटी पाहिली; तीच गोष्ट घेऊन ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हान फेइने दाखवून दिले की खासगी निष्ठा आणि राज्याचे हित यांचा मेळ बसत नाही. पुढे साम्राज्याच्या काळात अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमायचे नाही असा नियम करण्यात आला, तो नात्यागोत्यांचा दबाव ओळखूनच. आजचा कायदाही तेच करतो. २००९ च्या दुरुस्तीने अधिकाऱ्याच्या निकटवर्तीयांनी त्याच्या वजनाचा वापर करून पैसे घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि २०१५ मध्ये अशा निकटवर्तीयांना पैसे देणेही गुन्ह्यात मोडू लागले. अंमलबजावणी राजकीय सोयीने होते, हा आरोप गंभीर आहे. तरीही ओळखीचा गैरवापर तिथे सर्वमान्य आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

राहिले ते ‘आपल्यालाही तसेच वागावे लागते’ हे समर्थन. सप्टेंबर २०१४ मध्ये छांगशाच्या न्यायालयाने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या ब्रिटिश औषध कंपनीच्या चिनी उपकंपनीला लाचखोरीबद्दल तीन अब्ज युआन दंड केला. स्थानिक रीत पाळली, हा बचाव तिथे कामाचा नव्हता. जेपी मॉर्गन बँकेचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. चिनी अधिकारी आणि सरकारी कंपन्यांचे वरिष्ठ यांच्या मुलांना व ओळखीच्यांना नोकऱ्या दिल्याबद्दल तिने २०१६ मध्ये अमेरिकी यंत्रणांना सुमारे २६.४ कोटी डॉलर भरले. कोणाला नोकरी दिल्याने किती धंदा मिळाला, याचे तक्ते बँकेत ठेवले जात होते, असे अमेरिकी तपासात आढळले. नोकरीमागे मिळकतीचा असा हिशेब मांडणे ही ग्वान्शीची रीत नव्हे. तो सरळ सौदा होता, आणि त्याची जबाबदारी चिनी संस्कृतीवर नव्हे, तर तो करणाऱ्या बँकेवर आणि तो स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांवर येते.