फेझला तीन दिवस असतील, तर तिन्ही फेझलाच द्या

तीन दिवसांत फेझ, शेफशाऊएन आणि सहाराचं वाळवंट. मोरोक्कोला निघालेल्या ओळखीच्या माणसांकडून मला सारखे असेच आराखडे येतात आणि खाली प्रश्न असतो, "जमेल ना?" जमेल. गाडीत बसून जमेल. शेफशाऊएन म्हणजे ते निळ्या भिंतींचं गाव फेझपासून साधारण २०० किलोमीटरवर आहे, रस्ता डोंगरातला, एका बाजूचे चार तास. सहारासाठी मर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या गाठायला आठ-नऊ तास. हे सगळं बसवल्यावर फेझच्या वाट्याला एक सकाळ उरते आणि त्यातला तासभर चामड्याच्या दुकानात जातो. माझं मत अगदी स्पष्ट आहे. तीनच दिवस असतील तर ते एका शहराला द्या, आणि त्यातला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा.

मी बेल्जियममध्ये राहते. दोन वर्षांपूर्वी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, तेव्हा ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी फेझला जाऊन आलो. युरोपातल्या बऱ्याच शहरांतून फेझला थेट आणि स्वस्त विमानं आहेत, जेमतेम तीन तासांचा प्रवास. मुंबईहून यायचं तर आखातातून कासाब्लांका आणि तिथून ट्रेनने चारेक तास, त्यामुळे भारतातून फक्त तीन दिवसांसाठी कोणी येणार नाही हे मलाही कळतं. पण तुम्ही मोरोक्कोचे दहा दिवस आखत असाल तरी त्यातले तीन इथे टाका, एवढंच म्हणेन.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण इथे माणसं फसतात. भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोचा व्हिसा लागतो. त्यांचा ई-व्हिसा आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. पण आई-वडील युरोपात तुमच्याकडे आले असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, सिंगल एंट्रीचा आहे की मल्टिपल, हे तिकिटं काढायच्या आधी बघा. मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्रीवर बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. आईचा व्हिसा मल्टिपल होता म्हणून आमचं जमलं. मोरोक्कोचं चलन, दिरहम, बाहेर सहसा मिळत नाही, तिथे उतरल्यावरच पैसे काढायचे. आणि सुटे जवळ ठेवायचे, कारण जुन्या शहरात रोखीशिवाय पान हलत नाही.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. फेझच्या जुन्या शहरात, म्हणजे मदिनात, शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद होतात. लोक नमाजाला जातात आणि मग घरी कुसकुस खायला बसतात. तीन दिवसांतला एक शुक्रवार असेल तर तो वाया गेला असं वाटून घेऊ नका, पण बाजार त्या दिवशी ठेवू नका. आमचा दुसरा दिवस शुक्रवार होता. एरवी खांद्याला खांदा लागतो त्या गल्लीतून आम्ही दुपारी दोघीच चालत होतो. दारांवरची लाकडी नक्षी, कोपऱ्यावरची रंगीत फरशांची पाणपोई, वरून एकमेकांना टेकू दिलेली घरं, हे सगळं त्याच दिवशी नीट दिसलं.

मुक्काम मदिनाच्या आतच करा. नव्या शहरात मोठी, लिफ्टची हॉटेलं आहेत, आणि घरातली मंडळी "आईला सोयीचं पडेल" म्हणून तेच सुचवतील. नका ऐकू. आत जुन्या घरांचे 'रियाद' केलेले असतात. बाहेरून कोरी भिंत, एक बुटकं दार, आत गेलं की मधे चौक, वर आभाळ, चारी बाजूंना खोल्या. आई दारातून आत शिरली आणि वर बघत म्हणाली, "अगं, हा तर वाडा." तिचं लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेलंय. तिथे चौकात तुळस होती, इथे कारंजं होतं. मदिनात गाड्या येत नाहीत, सामान हातगाडीवरून न्यावं लागतं, म्हणून रियादवाल्यांना आधीच फोन करून कोणत्या दरवाजाशी माणूस पाठवाल ते विचारून घ्या. तळमजल्याची खोली मागा. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे असतात.

आता गुडघ्यांचं. आई तेव्हा ६८ वर्षांची होती. फेझ हे उताराचं शहर आहे. निळ्या दरवाजापासून, म्हणजे बाब बू जलूदपासून, तला कबीरा आणि तला सगीरा अशा दोन मुख्य गल्ल्या खाली उतरत जातात त्या थेट करावियिन मशिदीच्या परिसरापर्यंत. उतरणं सोपं, चढून परत येणं जिवावर येतं. यावर उपाय आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. खाली रसीफ चौकापर्यंत टॅक्सी येते. सकाळी वरून उतरत यायचं, दुपारी रसीफला लाल छोटी टॅक्सी पकडायची आणि गाडीरस्त्याने परत वर. मीटर चालू करायला सांगा. आम्ही तिन्ही दिवस असंच केलं आणि आईने एकदाही "आता बास" म्हटलं नाही.

हरवण्याची भीती सगळ्यांना असते. मदिनात फोनवरचा नकाशा बऱ्याचदा गोंधळतो. एकच खूणगाठ बांधा: या दोन मुख्य गल्ल्यांत उतार म्हणजे मध्याकडे, चढ म्हणजे निळ्या दरवाजाकडे. हे मला पहिल्या संध्याकाळी माहीत नव्हतं. एक तरुण मुलगा पुढे आला, "हा रस्ता बंद आहे, इकडून चला," म्हणाला आणि वीसेक मिनिटं आम्हाला बोळांतून फिरवून एका निर्जन कोपऱ्यात पैसे मागत उभा राहिला. रक्कम मोठी नव्हती. पण आईने माझा हात घट्ट धरला होता, आणि तिला इथे आणून मी चूक केली की काय असं मला त्या क्षणी वाटलं. रस्ता बंद नव्हताच. असं कोणी म्हणालं तर "ला, शुक्रन", म्हणजे "नको, धन्यवाद", म्हणायचं आणि चालत राहायचं. रस्ता विचारायचाच असेल तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारा. तो गल्ला सोडून तुमच्यामागे येणार नाही.

म्हणूनच पहिल्या दिवशी अर्धा दिवस परवानाधारक गाइड घ्या. गळ्यात ओळखपत्र असतं, ते बघा. आणि ठरवतानाच सांगा की खरेदी करायची नाही. आमचे गाइड साठीच्या पुढचे होते. आईला ते 'हाज्जा' म्हणायचे, तिकडे वयस्क बाईला मानाने तसं म्हणतात, आणि मागून "बालाक! बालाक!" असा आवाज आला की आधी तिला भिंतीशी घ्यायचे. बालाक म्हणजे "बाजूला व्हा". मागे खेचर असतं, दोन्ही बाजूंना कातड्यांचे गठ्ठे नाहीतर गॅसचे सिलिंडर लादलेलं. ते थांबत नाही.

बघण्याच्या जागांची यादी मी देणार नाही, ती कुठेही मिळते. एका जागेबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. निळ्या दरवाजापासून दोन मिनिटांवर बू इनानिया मदरसा आहे. १३५० ते १३५५ च्या सुमारास मरिनी घराण्यातल्या सुलतान अबू इनानने तो बांधला. आत संगमरवरी चौक आहे आणि भिंतींचे तीन थर. खाली हाताच्या उंचीपर्यंत रंगीत फरशांचे कापलेले तुकडे, त्यांच्यावर चुन्यात कोरलेली जाळी, सगळ्यात वर देवदाराचं लाकूड, वयाने काळपट झालेलं. नजर आपोआप वर चढते. मदिनात असे आणखी मदरसे आहेत, पण मी आईला तिथल्या पायरीवर बसवलं ते वेगळ्या कारणासाठी.

इब्न बतूता हे नाव आपण शाळेत मुहम्मद बिन तुघलकाच्या धड्यात वाचतो. तो मूळचा मोरोक्कोतल्या तांजियरचा. दिल्लीत काझी होता, आणि १३४२ च्या आसपास तिथून निघाला तेव्हा वाटेत देवगिरी, म्हणजे तेव्हाचं दौलताबाद, आणि नंदुरबार करून पुढे गेला. मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय: तांदूळ, भाज्या आणि तिळाचं तेल खाणारे लोक, प्राण्यांना इजा करणं न आवडणारे. दौलताबादच्या द्राक्षं-डाळिंबांचाही उल्लेख आहे. हा माणूस जवळपास तीस वर्षं फिरून परत आला आणि त्याने आपला सगळा प्रवास तोंडी सांगितला तो याच फेझमध्ये, याच अबू इनानच्या सांगण्यावरून. १३५५ मध्ये ते लेखन पुरं झालं. म्हणजे या भिंतींवर कारागीर चुना कोरत होते, त्याच काळात याच शहरात कोणीतरी नंदुरबारच्या जेवणाचं वर्णन अरबीत लिहून घेत होतं. हे आईला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला "नंदुरबार म्हणाला? नक्की?" असं दोनदा विचारलं.

करावियिन मशीद ८५९ सालची मानली जाते, फातिमा अल-फिहरी या बाईने तिची स्थापना केली असं परंपरा सांगते, आणि जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत तिची गणना होते. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही. दारं उघडी असली की चौक दिसतो, तेवढा बघायचा. यावर चिडचिड करणारे प्रवासी मी तिथे पाहिले. आपल्याकडच्या कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात आपल्यालाही जाता येत नाही, उंबऱ्यातून हात जोडून आपण परत फिरतो. तेच इथे करावं.

चामडं कमावायची जागा, शुवारा, पाहावीच लागते. दगडी रांजणांसारखे शेकडो हौद, काही चुन्याने पांढरे, काही रंगांचे. चुना आणि कबुतरांची विष्ठा आजही वापरतात, त्यामुळे वास भयंकर असतो. पुदिन्याची जुडी हातात देतात ती नाकाशी धरायची. हे वरून बघायच्या गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या असतात, तेव्हा वर जायच्या आधीच ठरवा की खरेदी करायची नसेल तर थोडे पैसे देऊन निघायचं. मात्र खाली कंबरेएवढ्या पाण्यात माणसं उभी राहून काम करत असतात. त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांचं मला फार वाईट वाटलं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं नाही, पण विचारावं लागतं. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली रस्साभाजी, मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं असू शकतं. 'ब्ला ल्हम', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. आईचं पोट भरलं ते बिसारावर, म्हणजे वाळवलेल्या बाकल्याचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. झालूक हे वांगं-टोमॅटोचं भरीतच. सकाळी म्सेमेन, तेलाचा हात लावून चौकोनी घडी घातलेली पोळी, मधाबरोबर. चहात साखर किती घालतात ते डायबिटीसवाल्यांनी आधी बघावं.

आणि आता तो मोकळा दिवस.

पहिल्या दिवशी गाइडबरोबर सफ्फारीन चौकातून जाताना आम्ही पाचच मिनिटं थांबलो होतो. मोठं झाड, भोवती तांब्या-पितळेची दुकानं, बाहेर बसून भांडी ठोकणारी माणसं. आई मागे वळून वळून बघत होती. तिसऱ्या दिवशी कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, "त्या तांबट आळीत." कसबा पेठेत तिचा वाडा आणि तांबट आळी यांच्यात दोन घरांचं अंतर होतं. मठारकामाच्या ठोक्यांत ती दुपारची झोपायची, अभ्यास करायची, परीक्षेच्या दिवसांत वैतागायची.

चौकात एक म्हातारे कारागीर मोठ्या पातेल्याचा काठ ठोकत बसले होते. त्यांनी आईला पाहिलं, पायाने एक छोटं स्टूल पुढे सरकवलं आणि काम चालू ठेवलं. आई बसली. मी पुदिन्याचा चहा आणला. तिला अरबी येत नाही, फ्रेंच येत नाही. तासभर ती नुसती ऐकत होती, ठोके पडत होते, भांडं गुडघ्यावर थोडं थोडं फिरत होतं.

मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आवाज बदलला बघ. तांबं कडक झालंय. आता तापवायला घेतील."

मला काहीच फरक कळला नव्हता. पाच-सहा ठोके आणखी पडले. म्हाताऱ्यांनी हातोडी खाली ठेवली, पातेलं उचललं आणि मागच्या भट्टीवर धरलं.