बिडाचे गल्ले आणि घरचे पाहुणे

घरी पाहुणे आले की माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे नसतं, खिशाकडे असतं. सुट्ट्या नाण्यांचा खुळखुळाट ऐकला की छातीत धस्स होतं. दिवाणखान्यातल्या कपाटात माझे बिडाचे गल्ले आहेत, एकोणिसाव्या शतकातले, खटकावाले. ‘क्रीडमूर’ नावाच्या एकात नेमबाजाच्या बंदुकीवर नाणं ठेवून खटका दाबला की ते समोरच्या बुंध्यात जाऊन पडतं. पोरांना काटकसर शिकवायला कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने 1877 च्या सुमारास हा काढला. आमच्या घरात त्याने नेमकं काय शिकवलं ते बायकोला विचारा.

“चालू आहे का हो?” म्हणत पाहुणा खटक्याला हात घालतो. अहो, बीड वाकत नाही, थेट तुटतं! पण चहा पिणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं?

खरेदीची तऱ्हा वेगळीच. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. त्यामुळे अस्सल गल्ल्यावरूनच साचा काढून नक्कल ओतली, तर ती किंचित लहान भरते. म्हणून अस्सल गल्ल्याच्या बुडाचा कागदावर गिरवलेला आकार खिशात ठेवून मी इथल्या, न्यू जर्सीतल्या, जुन्या बाजारात गुडघे टेकून मापं जुळवत बसतो. बायको तेव्हा पलीकडच्या दुकानात परस्त्रीसारखी उभी असते.

यंदा साताऱ्याहून आई आली. “किती कळकट रे! आण, ऑइलपेंटचा एक हात मारते.” निम्म्याहून जास्त किंमत त्या मूळ रंगाचीच असते, हे तिला सांगितलं. “उडालेल्या रंगाची?” एवढंच ती म्हणाली.

मग तिला ‘टॅमनी’ दाखवला. खुर्चीत बसलेला गलेलठ्ठ गृहस्थ. हातावर नाणं ठेवलं की ते कोटाच्या खिशात सारतो आणि मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतल्या लाचखाऊ पुढाऱ्यांची ही टिंगल. मी त्यांच्या म्होरक्यापासून, बॉस ट्वीडपासून, सुरुवात केली, तर आईने हातानेच थांबवलं.

“कळलं. सातबाऱ्यावर नाव लावताना भेटलाय मला हा. याच्याकडून पैसे परत निघतात का?”

“निघतात की. बुडाचं झाकण उघडायचं.”

“मग हा नकली आहे. फसवलं तुला.”