आमची कंबर आणि लोकांचे बेल्ट

कंबरदुखीला आमच्या नागपुरात मान आहे. कंबरेच्या व्यायामाला काडीचाही नाही. माणूस आडवा पडला की लोक भेटायला येतात, संत्रा बर्फीचा डबा आणतात आणि "काहून जी, एकदम असं कसं झालं?" असं आवाज उतरवून विचारतात. तोच माणूस पुढे हॉलमध्ये सतरंजी टाकून, गुडघे मुडपून कंबर वर उचलताना दिसला, की हेच लोक "चालू द्या, चालू द्या तुमचं" म्हणत दारातूनच परततात. बर्फीचं तर नावच नको.

माझी कंबर एप्रिलमध्ये गेली. त्याच आठवड्यात आम्ही गच्चीवरच्या खोलीतून कूलर काढला होता, त्याच्या ताट्या बदलल्या होत्या आणि तो खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवला होता. त्यात काहीही झालं नाही. झालं ते नंतर, सकाळी, बेसिनखाली पडलेलं टूथपेस्टचं टोपण उचलताना. कंबरेत चमक निघाली आणि मी जागच्या जागी, अर्धा वाकलेला, नळ धरून उभा राहिलो. आता टोपण उचलताना कंबर गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी कूलर सांगितला. एप्रिलच्या नागपुरात कूलर चढवताना कंबर गेलेला माणूस म्हणजे घरादारासाठी कामी आलेला माणूस.

मग बेल्ट यायला लागले. पहिला साळेबुवांचा. त्यावर मार्करने त्यांचं नाव आणि 'परत करणे' असं लिहिलेलं. दुसरा महाल भागातल्या मावशींचा. त्याला हळदीचे आणि मोहाच्या तेलाचे इतके थर होते, की तो नुसता टेबलावर ठेवला तरी ताठ उभा राहायचा. तिसरा कोणाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी विसरून गेलं असावं. नागपुरात नवा बेल्ट कोणी विकत घेतो की नाही, याचीच मला शंका आहे. जुनेच या घरातून त्या घरात फिरत असणार.

बेल्टबरोबर सल्लेही. "मणक्यात गॅप आला असन बाप्पा," असं शेजारचे भाऊ दारातून चप्पल काढता काढताच म्हणाले. "बिलकुल हलू नका. माह्या मामेभावाले तीन महिने लाकडी पाटावर झोपवलं होतं." तो मामेभाऊ आता कसा आहे, असं मी विचारलं. "तो अजून तसाच आहे जी," भाऊ म्हणाले.

मावशींचा मात्र गॅपवर विश्वास नव्हता. त्यांच्या मते ही साधी उसण होती आणि उसणीवर एकच इलाज, पायाळू माणसाची लाथ. पण पायाळू माणूस आणायचा कुठून? हल्ली मूल पोटात पायाकडून आहे असं दिसलं की डॉक्टर सरळ सिझर करतात. त्यामुळे पायाळूंची आवकच थांबली आहे. तरी मावशींनी पत्ता काढला. आमच्याच अपार्टमेंटमध्ये, चौथ्या मजल्यावर, इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा. त्याच्या आईने ही गोष्ट एखादं प्रमाणपत्र दाखवावं तशा अभिमानाने कबूल केली.

मुलगा आला. शेजारचे काका म्हणून आधी माझ्या पाया पडला. मग मी पालथा झालो आणि तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. "जोरात मारू का हळू?" त्याने विचारलं. "मार न बे, लाजून काय राहिला!" मावशी म्हणाल्या. लाथ अत्यंत संस्कारी बसली. उसण होती तिथेच राहिली, मुलगा मात्र तेव्हापासून मला जिन्यात पाहिलं की लिफ्टने जातो.

मावशींना मी दोष देत नाही. कंबरेची बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपणहून उतरतात. त्यामुळे त्या आठवड्यांत ज्याने लेप लावला, ज्याने निरगुडीचा शेक दिला, ज्याने लाथ मारली, त्याचं नाव होतं. माझी कंबर नेमकी उरलेल्यांतली निघाली. ठणका कमी झाला, पण खुर्चीतून उठताना आणि स्कूटर स्टँडवर लावताना ती हजेरी लावायचीच.

हाडांच्या डॉक्टरांनी भरपूर प्रश्न विचारले. पडलात का, ताप येतो का, वजन घटलंय का, पायातली ताकद गेली का, लघवी-शौचावरचा ताबा सुटला का, बैठकीची जागा बधिर वाटते का. (यातलं काही असतं तर लाथ, लेप सगळं सोडून तातडीने दवाखान्यातच जावं लागलं असतं.) सगळ्यांची उत्तरं 'नाही' आली. "मग एमआरआयची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले. मला जरा वाईटच वाटलं. साळेबुवांना तर ते अजिबात पटलं नाही. "एमआरआय नाही म्हणजे काय? लोकं काय म्हणतील?" आणि त्यांनी तो करवूनच घेतला. अहवालात कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती थोडी फुगल्याचं लिहिलं होतं. घरात समाधान पसरलं. फिल्म दाराजवळच्या स्टुलावर आली. येणारा प्रत्येक जण ती ट्यूबलाइटसमोर धरून "हो नं, दिसते बाप्पा" म्हणायचा. बरेचदा ती उलटी धरलेली असायची.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली आणि जाता जाता बजावलं, की झोपून राहू नका, जमेल तसं रोजचं चालू ठेवा. साळेबुवा म्हणाले, हे टाळायचं बोलणं आहे. पण ही गोष्ट तपासून पाहिलेली आहे. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकती कंबर धरलेल्या काही जणांना अंथरुणात विश्रांती दिली, काहींना व्यायाम दिला आणि बाकीच्यांना सांगितलं की झेपेल तसं नेहमीचं काम करत राहा. सगळ्यांत लवकर सावरले ते हे तिसरे. आपल्याकडे असा प्रयोग करायचा म्हटला तर तिसऱ्या गटाला माणसं मिळणार नाहीत. शिवाय त्या ताज्या दुखण्यात व्यायामवाल्यांनाही विशेष फायदा झाला नव्हता. व्यायामाचं खरं काम दुखणं रेंगाळल्यावर सुरू होतं. म्हणजे माझ्यासारख्याचं.

फिजिओथेरपीचा दवाखाना धंतोलीत. धंतोलीत दवाखाना सापडतो, गाडी लावायला जागा सापडत नाही; ती शोधण्यातच अर्धा व्यायाम होतो. आत पंचविशीतल्या एक डॉक्टर मॅडम. मला वाटलं होतं की गादीवर झोपवतील, चार चकत्या चिकटवून करंट देतील, मुंग्या येतील, झोप लागेल. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "काका, नेमकं काय करताना दुखलं?"

"कूलर चढवताना."

"तेव्हाच? का नंतर?"

टोपण बाहेर पडलं. मॅडम हसल्या नाहीत, तसंच लिहून घेतलं. म्हणाल्या, टोपण, पेपर, चादर, लहान मुलाचा बूट, बहुतेकांचं असंच काहीतरी असतं. मी एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवली. ती पाहून त्या म्हणाल्या, "काका, या वयात पांढरे केस येतात, तसंच हे आहे." २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांची स्कॅनिंग पाहिली गेली होती, त्यांत विशीतल्या ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. फिल्म पिशवीत परत गेली. त्यावर एवढे पैसे खर्च झाल्याचं साळेबुवांना मी अजून आठवून देत असतो.

मग मॅडमनी मला वाकवलं, वळवलं, एका पायावर उभं केलं आणि निकाल दिला. मांडीच्या मागच्या शिरा ताठ, बैठकीचे स्नायू झोपलेले, पोटाचे आतले स्नायू रजेवर. "तुमच्या घरात कंबर एकटीच कामावर जाऊन राहिली काका, बाकीचे बसून खातात." मणक्याला लगडलेले बारीक स्नायू एकदा दुखणं येऊन गेल्यावर आपणहून पूर्वीसारखे होतीलच असं नाही. त्यांना पुन्हा कामाला लावावं लागतं. शिवाय दुखेल या धास्तीने माणूस ताठ राहतो, हलायचं टाळतो, आणि त्यानेच दुखणं मुक्काम वाढवतं.

एवढं सगळं ऐकून मी मोठ्या कसरतीच्या तयारीत होतो. पहिला व्यायाम असा होता: पाठीवर झोपा, गुडघे मुडपा, कंबर हळूच सतरंजीवर टेकवा, सोडा. झालं. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस झोपलेलाच दिसतो. दुसऱ्यात बूड उचलून पूल करायचा. पुढच्यांत गुडघे आणि तळहात टेकून आधी उंट, मग मांजर. त्याच अवस्थेत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणला की पक्षी आणि कुत्रा एकदम. पालथं होऊन छाती उचलली की नाग. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात तिकीट काढून जे पाहावं लागतं ते आमच्या हॉलमध्ये सकाळी फुकट असायचं. वर मॅडमचं, "काका, श्वास नका रोखू." हे सगळं इतकं किरकोळ होतं की माझा अपमान झाला, आणि दुसऱ्या दिवशी इतकं अंग दुखलं की अपमानही विसरलो.

वाकायलाही नव्याने शिकलो. पाठीमागे काठी उभी धरायची. डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं ठेवायचं आणि वाकायचं ते खुब्यातून. काठी म्हणून मी घरातला झाडूचा दांडा घेतला. कामवाल्या ताईंनी ते पाहिलं आणि मालकिणीला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "साहेब आज झाडून राहिले का?" त्यांच्या आवाजात आशा होती.

एकदा कुत्रा-पक्षी चालू असताना दार उघडंच राहिलं होतं. मे महिना, लग्नसराई. वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन थेट आत आले. मी चार पायांवर, म्हणजे दोन पायांवर, उजवा हात समोर ताणलेला. मध्येच सोडायचं नाही अशी मॅडमची ताकीद. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि पत्रिका त्या हातात दिली. "सहकुटुंब यायचं बरं का," वहिनी म्हणाल्या. मी मानेने 'हो' म्हणालो आणि तोल गेला.

साळेबुवांना व्यायाम पटावा म्हणून मी त्यांना मॅकेन्झीची गोष्ट सांगितली. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ जाणारा एक रुग्ण आला. "पालथे झोपा, मी येतोच," असं त्याला सांगितलं गेलं. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या रुग्णासाठी वर उचललेला होता आणि हा बिचारा तसाच, पाठ मागे वाकलेल्या स्थितीत पडून राहिला. मॅकेन्झी आले ते हादरलेच. रुग्ण म्हणाला, इतक्या आठवड्यांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. पुढे यातून उपचाराची एक अख्खी पद्धत उभी राहिली.

"यात काय विशेष?" साळेबुवा म्हणाले. "आपल्याकडे भुजंगासन आहेच की."

"तुम्ही कधी केलंय?"

"आपल्याकडे आहे, म्हणून राहिलो मी."

बेल्ट परत करणं हे सगळ्यांत अवघड काम निघालं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जिनेव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम करा, दुखणं समजून घ्या असं आहे, आणि कंबरेचे पट्टे किंवा वजन लावून ओढणं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असंही आहे. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती, असा त्यांचाच आकडा. एवढे लोक जोडीला आहेत म्हटल्यावर मला धीर आला, पण मावशींना नाही आला. "जिनेव्हावाल्यांले काय समजते?" असं म्हणून त्यांनी बेल्ट घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "धुतला काय तुम्ही? सगळं तेल गेलं न जी!"

कंबर बरी झाली ती कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. एखादा आठवडा छान, मग अमरावतीला गाडी चालवत गेलो की पुन्हा कुरकुर. मॅडम म्हणायच्या, थांबू नका, थोडं कमी करा, मग परत वाढवा. हळूहळू पूल एका पायावर आला. सकाळी उन्हं तापायच्या आत अंबाझरीला फेरी व्हायला लागली. तिथे परतताना तर्री पोह्यांची गाडी लागते, हे मी मॅडमना सांगितलेलं नाही.

आणि मग त्यांनी साइड प्लँक दिला. एका कोपरावर आणि पायाच्या कडेवर सगळं अंग तोलून धरायचं. मोबाइलवर सेकंद लावून मी थरथरत असायचो. हे पाहून बायको म्हणाली, "सतरंजी गुंडाळू नका, मीही करून पाहते." आता ती माझ्या शेजारी, उजव्या कोपरावर, एका रेषेत, आणि डाव्या हातात फोन. पलीकडे तिची बहीण, विषय पाटवडीचा. बेसन किती भाजायचं, रस्स्याला खसखस घालायची की नाही. माझा गजर वाजायच्या आत मी सतरंजीवर कोसळलो.

"काही नाही गं," ती फोनवर म्हणाली, "हे पडले बाजूला. नाही नाही, दुखून नाही राहिलं, दमले. तू सांग, थापायचं ताट आधी तेलाने पुसायचं न? थांब गं, बाजू बदलू दे."