नागझिऱ्याच्या वाटेवरचे धारप

आमच्या गावच्या पोरांनी 'तुंबाड' मोबाइलवर चारचारदा पाहिलाय. कणकेच्या बाहुल्या करून त्यातल्या हस्तर राक्षसाचा खेळ खेळतात. पण ह्या सिनेमाचं मूळ कोणाच्या कथेत, विचारलं की सगळे गप.

अरे बाप्पा, ती कथा तर आपल्याच जंगलात सांगितली गेली! 1993 मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्रानं राही बर्वेंना, पुढं 'तुंबाड' काढणाऱ्या दिग्दर्शकाला, भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची कथा ऐकवली आणि ऐकणाऱ्याची गाळण उडाली. सिनेमा आला 2018 ला. धारप 2008 लाच गेले होते.

आता कोणीतरी लिहीलच, धारप अमेरिकेतल्या भयकथावाल्या स्टीफन किंगचं घ्यायचे म्हणून. घ्यायचेच. त्यांची 'लुचाई' कादंबरी किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून आहे, त्यात लपवायसारखं काय? पण मी किंगचं नाव ऐकायच्या आधी 'लुचाई' वाचली, आणि आठ दिवस रात्री परसाकडं एकटा गेलो नाही. भुतं, विज्ञानकथा, अद्भुत, काय नाही लिहिलं माणसानं! तरी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं मागितली तर साहेब म्हणाले, "असलं साहित्य आम्ही घेत नाही." शेवटी एक मिळालं, तेही आठवडी बाजारात, रद्दीवाल्याकडं. शेवटची बारा-पंधरा पानं गायब.

ते घेऊन मी मोहफुलं वेचायला जायचो. चैत्रात पहाटे तीनलाच झाडाखाली जाऊन बसावं लागते, नाहीतर ढोरं फुलं खाऊन टाकतात. पाचोळा जाळून जागा साफ केलेली, धुराचा वास, अंधारात टप टप फुलं पडतात. मी बॅटरीच्या उजेडात वाचायचो, आजी आणि शेजारच्या बाया ऐकायच्या. तिसऱ्या दिवशी पानं संपली.

"मंग? पुढं का झालं?"

"पानंच नाही ना आजी."

आजीनं टोपली बाजूला ठेवली आणि शेवट सांगायला बसली. तिच्या शेवटात भुलनवेल होती, पाय पडला की माणूस रातभर तिथंच फिरत राहते ती, आणि धारपांचा तो शहरातला शिकलेला माणूस तिच्यावर पाय देऊन बसला. कोणी म्हटलं नाही की हे पुस्तकातलं वाटत नाही. धारपांची भीती अशीच होती, कोणाच्याही तोंडी बसायची. म्हणूनच ती जंगलात सांगता आली.

पुढं नागपूरला नोकरीत असताना पूर्ण प्रत मिळाली. खरा शेवट वाचला. चांगला आहे जी, पण आजीच्या शेवटाला मी जास्त भ्यालो होतो.