'नक्कल' या शब्दाचा राग आला, त्याबद्दल

नमस्कार काका,

('काका' म्हटलं म्हणून रागावू नका. १९८६ साली नवी कोरी यामाहा आरएक्स हंड्रेड घेतली म्हणता, तेव्हा मी बालवाडीत होतो.)

'यामाहाची पहिली गाडी म्हणजे एका जर्मन गाडीची नक्कल' या माझ्या वाक्यावर तुम्ही चांगलीच लांब प्रतिक्रिया दिलीत. तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने लिहिलेली, म्हणून दोनदा वाचली. आक्षेप तीन आहेत. मी जपानी लोकांना नकलाकार ठरवून त्यांच्या मेहनतीवर पाणी ओतलं. डेगनर या रेसरसारख्या चोराला हिरो केलं. आणि अमेरिकेच्या हार्लेची 'हमर' ही छोटी गाडी १९४८ सालची म्हणून लिहिली, ती चूक.

तिसरा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १९४८ सालची ती छोटी हार्ले नुसती १२५ म्हणून विकली जायची. 'हमर' हे नाव आलं १९५५मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी मागे हटणार नाही. 'नक्कल' हा शब्द मी शिवी म्हणून वापरलाच नव्हता. ती नक्कल कशाची होती ते जरा सविस्तर सांगतो, मागच्या लेखात ते दोन ओळींत उरकलं होतं.

जर्मनीच्या सॅक्सनी भागात चोपाउ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथला डीकेडब्ल्यू हा कारखाना १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगातला सगळ्यात मोठा मोटरसायकल कारखाना होता. आणि तो काढला होता रासमुसेन नावाच्या डॅनिश माणसाने! १९३९ साली इथून आरटी १२५ ही मोटरसायकल बाहेर पडली, नक्कल झाली ती हिचीच. ती हर्मन वेबरने डिझाइन केलेली. तिच्या इंजिनातली खुबी तुम्हाला एका वाक्यात कळेल. जुन्या टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असायचा, आत येणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून पळून जाऊ नये म्हणून. त्याने पिस्टन जड व्हायचा आणि तापायचा. श्नुर्ले नावाच्या इंजिनिअरने पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांची, तोंडंच अशी तिरकी वळवली की मिश्रण मागच्या भिंतीवर आपटून वर वळतं. उंचवट्याची गरजच संपली, पिस्टन सपाट झाला. त्याचे हक्क डीकेडब्ल्यूकडे होते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा चोपाउ रशियन हद्दीत गेलं. यंत्रं उचलून नेली, वेबरलाही नेलं. तो १९४८ साली तिकडेच वारला. त्याच्या गाडीची ड्रॉइंग आणि हक्क जेत्यांच्या हाती लागले. रशियाने १९४६मध्ये 'मॉस्क्वा' काढली, ब्रिटनच्या बीएसएने १९४८मध्ये 'बॅन्टम', हार्लेने तिची १२५. १९५५मध्ये यामाहाची वायए-१ आली. आरटीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५२ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५८ मिलिमीटर. बॅन्टमचेही तेच, वायए-१चेही तेच. आता याला नक्कल नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

पण तुमचा मुद्दा मला कुठे पटतो ते पाहा. बीएसएने आरटी अक्षरशः आरशात धरली. ब्रिटिश रायडरला गिअर उजव्या पायाला लागायचा, म्हणून अख्खं इंजिन डावं-उजवं उलटवलं. तुमच्या टूलरूममध्ये असं काम आलं असतं तर शिव्या घातल्या असत्या तुम्ही. एवढं करून गिअर मात्र जर्मन गाडीइतकेच ठेवले, तीन. बॅन्टमला चौथा गिअर मिळायला १९६६ साल उजाडलं.

यामाहाने पहिल्याच गाडीला चार गिअर दिले. किक अशी बसवली की गाडी कुठल्याही गिअरमध्ये असली तरी क्लच दाबून सुरू करता यावी. आणि हे कोणी केलं, तर पियानो आणि हार्मोनियम बनवणाऱ्या कंपनीने! निप्पोन गाक्की हे तिचं नाव. तिची यंत्रं युद्धात विमानांचे पंखे बनवायला लागली होती, नंतर ती नुसती पडून होती. त्यांचं करायचं काय, या प्रश्नातून मोटरसायकलचा धंदा निघाला. वायए-१ला लोक 'अकातोम्बो' म्हणायचे, म्हणजे लाल चतुर. जुलै १९५५मध्ये यामाहाची मोटरसायकलची वेगळी कंपनी स्थापन झाली आणि त्याच महिन्यात फुजी पर्वताच्या चढावाच्या शर्यतीत ही गाडी जिंकली. नोव्हेंबरमध्ये असामाच्या शर्यतीत पुन्हा तीच. नमुना समोर ठेवून ड्रॉइंग काढणं, धातू जुळवणं, टॉलरन्स, म्हणजे मापातली बारीक सूट, पकडणं यात किती जीव जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून म्हणतो, नक्कल म्हटल्याने मेहनत कमी होत नाही. आपली राजदूत पोलंडच्या एसएचएलवरून आली, येझदी चेक जावावरून, चेतक इटलीच्या व्हेस्पावरून. पुण्यात ते म्हटलं की मात्र कुणाला राग येत नाही!

आता डेगनर. इथे 'चोर' हा तुमचा शब्द मी निम्मा मान्य करतो. आरटीची ड्रॉइंग युद्धाच्या लुटीत जेत्यांना मिळाली होती, ती कुणी एकट्याने लपवून नेली नव्हती. डेगनरचं तसं नाही.

त्याच चोपाउच्या कारखान्याचं नाव पुढे एमझेड झालं. पूर्व जर्मनीत, पैशांची कायम ओढाताण, आणि तिथे वाल्टर काडेन हा माणूस रेसिंगचा विभाग सांभाळत होता. त्याने एक्झॉस्ट पाईपकडे धूर बाहेर सोडायची नळी म्हणून पाहिलंच नाही. पाईप आधी रुंद होत जातो, मग पुन्हा निमुळता होतो. त्या निमुळत्या टोकावरून दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर सटकू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठली होती. म्हणजे लिटरमागे २०० हॉर्सपॉवर पडतात.

एर्न्स्ट डेगनर याच काडेनचा रायडर. सुझुकीचं इंजिन तेव्हा जागतिक शर्यतींत मार खात होतं. १३ ऑगस्ट १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनच्या क्रिस्टियनस्टाडला शर्यत होती, विश्वविजेतेपद डेगनरच्या हातातोंडाशी आलेलं. इंजिन फुटलं, आणि तो घरी, पूर्व जर्मनीत, परतलाच नाही. बायको-मुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेत आणलं गेलं. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं. डेगनर पुढे काडेनची युक्ती घेऊन जपानात हमामात्सूला सुझुकीत गेला, आणि १९६२ साली ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीचं. सुझुकीचं ते पहिलंच.

काडेनचं डोकं डेगनरने विकलं यात मला शंका नाही. पण डिकीतल्या मुलांचा विचार केला की मला त्याच्यावर फक्त चोराचा शिक्का मारवत नाही. तुम्हाला मारायचा असेल तर मारा. माझ्या लेखातला हिरो मात्र तो नव्हताच, काडेन होता. तो पळाला नाही. तिथेच राहून त्याने काम चालू ठेवलं. १९६३मध्ये माइक हेलवूडने त्याच्याच एमझेडवर पूर्व जर्मनीची २५० सीसीची शर्यत मारली.

बरं, 'मग होंडाने का नाही चोरलं?' असं तुम्ही खवचटपणे विचारलंय. होंडा फोर-स्ट्रोकला चिकटून राहिली. ५० सीसीत दोन सिलिंडर, १२५मध्ये पाच, २५०मध्ये सहा, असं घड्याळजीचं काम करत तिने टू-स्ट्रोकवाल्यांशी टक्कर दिली. गंमत म्हणजे होंडाच्या सुझुका ट्रॅकवर आजही एका वळणाला डेगनरचं नाव आहे, कारण तिथे तो पडला होता.

शेवटचं तुमच्या मुलाबद्दल. तुमच्या आरएक्सचा मूळ सायलेन्सर काढून तो सरळ पाईप लावायचं म्हणतोय ना? माझ्या मामाच्या गॅरेजात, इचलकरंजीला, असे काढून टाकलेले सायलेन्सर ढिगाने पडलेले असायचे. एकदा मामाने एक मधोमध कापून दाखवला होता. आत काळ्या काजळीचा थर, पण पोटाकडे रुंद आणि पुढे निमुळता तो आकार स्पष्ट दिसत होता. पिकअप गेला म्हणून लोक सायलेन्सर बदलतात, आणि खरं तर काजळीने तो तुंबलेला असतो. सरळ पाईप लावला की उलटी फिरणारी ती लाटच जाते, आवाज तेवढा वाढतो. मुलाला नुसता आवाज हवा असेल तर लावू दे. गाडी पळायला हवी असेल तर मूळचाच कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवून धुऊन घ्या, हातमोजे घालून.