माओरी पर्यटन आणि परदेशी बाजारपेठ : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या देशांत मूळनिवासी समाजांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायांना परदेशी ग्राहक मिळावेत म्हणून सरकारी पैसा खर्च होतो. या खर्चाविरुद्ध एक दावा पुन्हा पुन्हा मांडला जातो आणि पर्यटनाविषयी आस्था असणारी माणसेही तो न तपासता पुढे पाठवतात. दावा थोडक्यात असा : परदेशी पर्यटकांच्या बाजारात उतरवून या समाजांची संस्कृती विक्रीला काढली जाते; इंटरनेट असताना मध्यस्थ, व्यापारमेळे आणि प्रशिक्षण यांची गरज उरलेली नाही; पैसा शेवटी मोठ्या कंपन्यांकडेच जातो; आणि मदतीवर उभे राहिलेले धंदे मदत आटताच कोसळतात. या चारही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, आणि त्यामुळेच संपूर्ण दावा पटण्याजोगा वाटतो. उदाहरणांसाठी मी मुख्यतः न्यूझीलंडच्या माओरी समाजाकडे पाहणार आहे, कारण परदेशी पाहुण्यांशी व्यवहार करण्याचा इतका जुना आणि इतका नीट नोंदलेला अनुभव फार थोड्या मूळनिवासी समाजांकडे आहे.

पहिले विधान संस्कृतीच्या विक्रीचे. त्यामागे असे गृहीत आहे की हे समाज आपापल्या जागी स्वस्थ होते आणि बाहेरच्या कुणीतरी त्यांना बाजारात ओढले. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रोटोरुआ परिसराचा इतिहास वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोटोमहाना सरोवराकाठच्या गुलाबी आणि पांढऱ्या खनिज-पायऱ्या पाहायला युरोपातून प्रवासी येत असत, आणि त्यांना होडीने पलीकडे नेणे, वाट दाखवणे, त्याचे शुल्क ठरवणे हा व्यवहार तेथील तूहोउरांगी या माओरी समूहाच्या हातात होता. या व्यवसायात त्यांना इतकी बरकत आली की ‘ते वाइरोआ’ या त्यांच्या गावातल्या हिनेमिही या कोरीव सभागृहातील मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्याऐवजी सोन्याची नाणी बसवलेली होती. १० जून १८८६ रोजी जवळच्या तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गाव राखेखाली गेले, शंभराहून अधिक माणसे मरण पावली आणि त्या पायऱ्याही नाहीशा झाल्या. सोफिया हिनेरंगी या प्रसिद्ध वाटाडीच्या घरात त्या रात्री अनेकांचे प्राण वाचले. वाचलेल्यांपैकी बरेच जण आप्तांच्या आश्रयाने फाकारेवारेवा येथे आले आणि तेथील उष्णोदकाच्या फवाऱ्यांमध्ये त्यांनी वाटाड्याचा व्यवसाय पुन्हा उभा केला. सोफियाही त्यांत होत्या. त्यांच्यानंतरच्या पिढीतील माकेरेती, ज्यांना पर्यटक मॅगी पापाकुरा या नावाने ओळखत, १९११ मध्ये आपल्या लोकांचे पथक घेऊन लंडनला गेल्या, पुढे ऑक्सफर्डमध्ये त्यांनी आपल्याच समाजाचा अभ्यास लिहायला घेतला आणि १९३० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परदेशी माणसापुढे आपल्याबद्दल काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे हे स्वतः ठरवणाऱ्या या स्त्रियांना बाजाराने फरफटत नेलेल्या बाहुल्या म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पर्यटकांसाठी केलेल्या सादरीकरणात विधी आखूड होतात, गाणी निवडून घेतली जातात आणि दर संध्याकाळी तेच ते करण्याचा थकवा येतो, हे मान्यच करायला हवे. परंतु त्याच पैशातून काय उभे राहते तेही पाहावे. रोटोरुआमधील माओरी कला आणि हस्तकला संस्था १९६३ च्या कायद्याने स्थापन झाली. ‘ते पुइया’ या नावाने आज परिचित असलेल्या तिच्या परिसरात पर्यटक जे प्रवेशशुल्क भरतात त्यातून लाकूड, हाड आणि हिरव्या दगडाचे कोरीवकाम तसेच विणकाम शिकवणाऱ्या शाळा चालतात, आणि २०२० च्या कायद्याने ही संस्था सरकारकडून स्थानिक माओरी समूहांच्या मालकीकडे सोपवण्यात आली. कौशल्य पुढच्या पिढीकडे जावे यासाठी नियमित उत्पन्न लागते. ते उत्पन्न ज्या पाहुण्यांकडून येते, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची धडपड संस्कृतीच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही.

या विधानातील खरी चूक मात्र पुढे आहे. मूळनिवासी मालक बाजारात उतरले नाहीत म्हणजे त्यांची संस्कृती विकली जात नाही, असे होत नाही. ती दुसरे लोक विकतात. ऑस्ट्रेलियात बिरुबी आर्ट ही कंपनी इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू तेथील मूळनिवासींनी हाताने रंगवल्याचा आभास निर्माण करून विकत होती, आणि २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने तिला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडे वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळूनही कारखान्यात छापलेल्या वारली नक्षीच्या वस्तू दुकानांत दिसतात, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूझीलंडमध्ये ‘का माते’ या हाकाचा, म्हणजे माओरींच्या पारंपरिक समूहनृत्य-घोषाचा, जगभर मुक्तपणे वापर होत राहिला, तेव्हा त्याच्या व्यापारी वापरात न्गाती तोआ समाजाचा आणि रचनाकाराचा उल्लेख झाला पाहिजे असा कायदा २०१४ मध्ये करावा लागला. मालकाला बाजारापासून दूर ठेवल्याने त्याची संस्कृती सुरक्षित राहत नाही, उलट तिच्याविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार तेवढा जातो.

दुसरे विधान इंटरनेटचे, आणि पर्यटनाच्या धंद्याविषयीची सर्वांत मोठी गैरसमजूत त्यातच आहे. दूर देशातून येणारा प्रवासी, विशेषतः गटाने येणारा, प्रत्येक अनुभव स्वतः शोधून विकत घेत नाही. पुण्यातील एखादी पर्यटन कंपनी न्यूझीलंडची सहल जाहीर करते, तेव्हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेतील बस, हॉटेले आणि प्रवेशतिकिटे न्यूझीलंडमधील लँड ऑपरेटरने, म्हणजे गटाची तेथील सगळी व्यवस्था लावणाऱ्या कंपनीने, आधीच ठरवलेली असतात. त्या ऑपरेटरने व्यवसायांशी दरांचे करार बऱ्याचदा वर्षभर किंवा त्याहूनही आधी केलेले असतात, आणि हे दर साधारणपणे एप्रिल ते मार्च या हंगामासाठी बांधलेले असतात. एवढ्या आधी दर जाहीर करणे, तो वर्षभर न बदलणे, व्हाउचर घेऊन आलेल्या गटाला सेवा देऊन पैसे महिन्याभराने मिळाले तरी तग धरणे, पुरेसा दायित्व विमा काढणे, ई-मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर देणे, या सगळ्या गोष्टी कळल्याशिवाय त्या साखळीत शिरता येत नाही. केवळ संकेतस्थळ उघडून हे कुणालाही शिकता येत नाही.

कमिशनचा मुद्दा याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. ऑपरेटर, घाऊक विक्रेता आणि किरकोळ एजंट यांचा मिळून वाटा जाहीर किमतीच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. ज्या कुटुंबाने स्थानिक ग्राहकांसाठी कशीबशी परवडणारी किंमत ठरवली आहे, त्याच्यापुढे अचानक हा आकडा येतो तेव्हा ते एकतर तोट्यात विकते किंवा ऐनवेळी दर वाढवून ऑपरेटरचा विश्वास गमावते. किंमत सुरुवातीपासूनच हा वाटा धरून बांधणे आणि कोणत्या वाटेने किती ग्राहक घ्यायचे हे ठरवणे ही शिकण्याची बाब आहे, आणि मदतीच्या कार्यक्रमांतला सर्वांत उपयुक्त भाग मला हाच वाटतो. ऑनलाइन आरक्षणाची संकेतस्थळेही कमिशन घेतातच, शिवाय तेथे सर्वांत वर दिसण्यासाठी जाहिरातीचा पैसा लागतो, त्यामुळे इंटरनेटने मध्यस्थ नाहीसा झाला नाही, फक्त बदलला.

एक छोटे उदाहरण देतो. माओरी सांस्कृतिक संध्याकाळचे जेवण, म्हणजे हांगी, जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजते आणि त्यात मांस व कंदमुळे सोबत असतात. महाराष्ट्रातून आणि गुजरातमधून येणाऱ्या गटांत शाकाहारी आणि जैन प्रवासी बरेच असतात, आणि त्यांचे अन्न वेगळे शिजते का, त्यात कांदा-लसूण आहे का, हे ऑपरेटरला आरक्षणापूर्वीच हवे असते. मालकाला हा प्रश्न आधी माहीत असेल तर तो वेगळी सोय करून त्याचे उत्तर दरपत्रकातच छापतो. माहीत नसेल तर गट दुसरीकडे जातो आणि का गेला हेही त्याला कधी कळत नाही. न्यूझीलंडच्या ट्रेंझसारख्या व्यापारमेळ्यात परदेशी खरेदीदार आणि स्थानिक व्यावसायिक ठरलेल्या वेळा घेऊन समोरासमोर बसतात, तेव्हा असे प्रश्न विचारले जातात. त्या टेबलापर्यंत जाण्याचा खर्च एका गावातल्या चार-पाच माणसांच्या व्यवसायाला परवडत नाही.

पैसा मोठ्या कंपन्यांकडे जातो हे तिसरे विधान पुष्कळ ठिकाणी खरे आहे. समाजाची माणसे नाचायला आणि स्वागताला, मालकी मात्र दुसऱ्याची, असे प्रकार जगभर आहेत. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मदत बंद करण्याचा नसून मालकीची अट घालण्याचा आहे. कॅनडाच्या मूळनिवासी पर्यटन संघटनेची मान्यता मिळवण्यासाठी व्यवसायात किमान ५१ टक्के मूळनिवासी मालकी असावी लागते, आणि अशी अट असल्यावर या आक्षेपात फारसे काही उरत नाही.

चौथे विधान धंदे टिकत नाहीत असे म्हणते. काइकोउरा या दक्षिण बेटावरील किनारी गावाची हकिगत त्याला थेट उत्तर देते. किनाऱ्याजवळच समुद्रात खोल दरी असल्याने तेथे स्पर्म व्हेल वर्षभर दिसतात. १९८०च्या दशकात रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्याने गावातील माओरी कुटुंबे अडचणीत आली होती, तेव्हा न्गाई ताहू समाजाच्या काती कुरी शाखेतील काही कुटुंबांनी आपली घरे गहाण ठेवून १९८७ मध्ये एका लहानशा बोटीवर व्हेलदर्शनाचा व्यवसाय सुरू केला. हा व्यवसाय अनुदानातून जन्मलेला नाही. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की ब्रिटिश सत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वाइतांगी कराराच्या तत्त्वांनुसार व्हेलदर्शनाचे परवाने देताना न्गाई ताहूंना वाजवी प्राधान्य मिळाले पाहिजे, आणि त्याने त्यांचा पाया पक्का झाला. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात समुद्रतळ उचलला जाऊन धक्का निकामी झाला आणि महामार्ग वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. बंदराच्या पुनर्बांधणीला सरकारी पैसा लागला, व्यवसाय मात्र तगून राहिला.

घरे गहाण ठेवण्यामागचे कारण समजले तर ‘इतरांना नाही मग यांनाच का’ हा उपप्रश्नही सुटतो. माओरी समाजाची पुष्कळ जमीन अनेक वारसांच्या सामूहिक मालकीत आहे, १९९३ च्या जमीन कायद्याने तिच्या विक्रीवर कडक बंधने आहेत, आणि त्यामुळे बँका ती तारण म्हणून सहजासहजी स्वीकारत नाहीत. शेजारचा व्यावसायिक जमीन दाखवून जे कर्ज उचलतो, ते यांना मिळत नाही. मदतीचा हेतू ही दरी भरून काढण्याचा आहे.

परदेशी ग्राहकांवर विसंबण्यात धोका आहे, हे मात्र २०२० ने निर्विवाद दाखवले. मार्चमध्ये न्यूझीलंडची सीमा बंद झाली आणि न्गाई ताहू समाजाच्याच न्गाई ताहू टूरिझम या कंपनीला शेकडो नोकऱ्या कमी कराव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळचे त्जापुकाई हे सांस्कृतिक केंद्र तर त्यानंतर कायमचे बंद झाले. म्हणून देशांतर्गत पाहुणे, जवळच्या देशांतील प्रवासी आणि दूरचे गट यांचे प्रमाण राखायला शिकवणे मदतीच्या कार्यक्रमांत असलेच पाहिजे, आणि एकाच देशातून येणाऱ्या गर्दीवर उभा राहिलेला आराखडा मंजूर होता कामा नये. मदत एका हंगामापुरती न देता काही वर्षांसाठी द्यावी, कारण आज दिलेल्या दरांवरचे पहिले प्रवासी पुढच्या वर्षी येतात आणि हे माहीत नसलेले अधिकारी सहा महिन्यांत आकडे मागतात. दिवसाला किती पाहुणे घ्यायचे आणि कोणती जागा किंवा विधी दाखवायचा नाही, हा निर्णयही समाजाकडेच राहावा.

यात आपल्या बाजूनेही काही करता येते. न्यूझीलंडच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांनी आपल्या लँड ऑपरेटरला रोटोरुआतील संध्याकाळचा माओरी कार्यक्रम कोणाच्या मालकीचा आहे असे लेखी विचारावे, आणि उत्तर आल्यावर त्या व्यवसायाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत ‘माओरी सांस्कृतिक कार्यक्रम व भोजन’ या मोघम ओळीच्या जागी छापावे. खरेदीदार मालकीविषयी विचारू लागले की ऑपरेटरही पुढच्या हंगामाचे करार करताना त्याची नोंद घेतात.