एकच गोळी सगळ्या माशांना चालत नाही

गोदावरीत गळाला कणकेची गोळी लावून तळाला सोडली की कोणताही मासा लागतो, हे मासेमारीवरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. तळाला चरतो तो मृगळ. रोहू मधल्या पाण्यात खातो, कटला वरच्या थरात. त्याच्यासाठी दोरीवरच्या तरंगत्या बुचाखाली गळ हात-दीड हातच सोडा. मरळ तर कणकेला तोंडच लावत नाही, तिला जिवंत चारा हवा.

गळावरून गोळी सुटते ती कणीक सैल मळल्यामुळे. पाणी थेंबाथेंबाने घाला, चौथा हिस्सा शेंगदाण्याची पेंड आणि पिंजलेला थोडा कापूस मिसळा. गळाचं टोक किंचित उघडं ठेवा, नाहीतर बूच बुडूनही मासा अडकत नाही. आणि नाशिकजवळ गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडणार असतील तर काठावर जाऊच नका. गढुळात मासा न लागणं ही त्यातली किरकोळ अडचण.